गोष्ट जिथं तुटली

आजी: शपथ घेते! गळ्याला हात लावून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! खोटं असेल तर माझी जीभ झडो, उरलेसुरले दात पडोत आणि पुढच्या जन्मी मी मुकी जन्माला येवो!

डॉक्टर: आजी, हळू. भिंतीपलीकडे गुणांची बेरीज चाललीय.

आजी: चालू दे. बेरीज करणाऱ्यांनाही ऐकू दे. दुपारच्या सुट्टीत मी जिन्यावर पडले. खरीखुरी पडले. फरशी इतकी ओली, बाई, इतकी ओली, की वर साबणाचा फेस आणि खाली तळं. बदकांची जोडी सोडली असती तर पोहली असती. पाय सटकला, गुडघा आत वळला आणि...

डॉक्टर: आणि कट्कन आवाज झाला, बघता बघता गुडघा भोपळ्याएवढा सुजला, आणि तेव्हापासून जिना उतरताना दगा देतो. पाठ आहे मला. मीच लिहून दिलंय तुम्हाला ते.

आजी: ते तुमच्या परीक्षेतलं पडणं. बसमधून उतरतानाचं. हे माझं स्वतःचं आहे. यात बस नाही.

डॉक्टर: येईल थोड्या वेळानं. तुमच्या गोष्टीत सगळं येतं.

आजी: आणि आवाज तर झालाच नाही! हेच सांगतेय मघापासून. मला खोटंच बोलायचं असतं तर मी आवाज सोडला असता का? चांगला फटाक्यासारखा फोडला असता. चार मजले हादरवले असते. नुसतं आतल्या अंगाला चर्रर्र झालं, जुनं लुगडं ताणल्यावर होतं तसं. संपलं. इतकी मिळमिळीत गोष्ट मी जन्मात कधी सांगितली होती का?

डॉक्टर: नाही. हे मात्र कबूल.

आजी: मग?

डॉक्टर: मग काही नाही. आजी, मी दमलेय. सकाळपासून दारातून एकेक पोर आत येतंय, तोच गुडघा, तेच प्रश्न, तीच उत्तरं. माझ्या डोळ्यांपुढे आता माणसं येतच नाहीत, नुसते गुडघे चालत येतात. एवढे कागद गठ्ठ्यात बांधले की मी घरी जाणार आहे. तुम्हीही जा.

आजी: जाते की. पण आधी त्या शेवटच्या पोरीचा कागद बाहेर काढा.

डॉक्टर: आलं. आलं मूळ दुखणं बाहेर. गुडघा नाहीच दुखत, ती पोर दुखतेय.

आजी: दोन्ही दुखतंय! माणसाला एका वेळी दोन ठिकाणी दुखू नये असा काही कायदा आहे का तुमच्यात?

डॉक्टर: आजी, बसा नीट. ऐका. परीक्षेला आम्ही धडधाकट माणूस बसवतो आणि त्यानं आजाऱ्याचं सोंग आणायचं. हेच तुमचं काम. या कामात तुमचा हात धरणारं कुणी नाही, हे मी सगळीकडे सांगते. आता तेच सोंग आणणारं माणूस परीक्षा संपल्यावर येऊन म्हणतंय, "बाई, आज सोंग नव्हतं, खरं होतं, आणि म्हणून त्या नापास मुलीला पास करा." तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

आजी: विश्वास ठेवला असता.

डॉक्टर: ठेवला होता. गेल्या वर्षी. त्या उंच मुलाला तुम्ही डोळा मारून उत्तर सांगितलंत.

आजी: डोळ्यात कचरा गेला होता.

डॉक्टर: दोन्ही डोळ्यांत? आळीपाळीनं?

आजी: वारा होता.

डॉक्टर: खिडक्या बंद होत्या. आणि त्याच्या आदल्या खेपेला कावीळ दाखवायची म्हणून डोळ्यांखाली हळद फासून आलात. ती लागली एका मुलाच्या हाताला, आणि त्या बिचाऱ्यानं पुढचे सगळे पेशंट पिवळे करून ठेवले.

आजी: पण काय कावीळ झाली होती! खऱ्या कावीळवाल्यानं बघितली असती तर लाजला असता.

डॉक्टर: तेच म्हणते मी. दुखण्याचा एक्सरे निघत नाही, आजी. दुखतंय म्हणून माणूस ओरडतो तेवढाच पुरावा. आणि ओरडणं हाच तर तुमचा धंदा.

आजी: बरं. माझा नाही ना भरवसा? मग तिचा ठेवा. ये गं आत!

डॉक्टर: कोण आहे बाहेर?

आजी: मी थांबवून ठेवलीय. बाकावर बसून रडत होती. म्हणजे रडत नव्हती, पण नाकाचा शेंडा सांगत होता. ये, ये पोरी. बाई चावत नाहीत, त्यांच्यात आता तेवढंही त्राण राहिलेलं नाही.

मुलगी: मॅडम, मी... मला माहितीय असं येत नाहीत. आजींनी माझी पिशवीच धरून ठेवली होती.

डॉक्टर: दार लाव. तुझी ही कितवी वेळ?

मुलगी: तिसरी, मॅडम. शेवटची. पुढे बसू देत नाहीत.

आजी: सांग ना पुढचं. काका काय म्हणालाय तो.

मुलगी: ते राहू दे, आजी.

आजी: का राहू दे? काकाचं औषधाचं दुकान आहे, बाई. यंदा राहिली तर गल्ल्यावर बसवणार आहे. म्हणतो, "गोळ्या लिहून दे काय आणि काढून दे काय, गोळ्या त्याच." घ्या! म्हणजे स्वयंपाक केला काय आणि भांडी घासली काय, भांडी तीच!

डॉक्टर: मुली, तुझ्या कागदावर मी काय लिहिलंय ते तुला माहितीय?

मुलगी: चाचणी केली नाही असं लिहिलं असेल.

डॉक्टर: बरोबर. गुडघ्याच्या खोलीत तीन गोष्टी करायच्या असतात. विचारायचं, हात लावायचा, ओढून बघायचं. तू ओढायच्या वेळी हात मागे घेतलास, म्हणालीस "मी हे करणार नाही," आणि घंटा होईपर्यंत आजींच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी करून ठेवत बसलीस. मी पाहत होते. मला वाटलं घाबरली. दरवर्षी एखादं घाबरतंच.

मुलगी: घाबरले होते. पण त्यासाठी नाही.

डॉक्टर: मग कशासाठी?

मुलगी: म्हणजे... हकीकत एक सांगत होती, मॅडम, आणि पाय दुसरंच सांगत होता.

डॉक्टर: नीट सांग. परीक्षा संपलीय. घाई करू नकोस, फक्त लांबवू नकोस.

मुलगी: आजींनी सांगितलं ते सगळं पुढच्या लिगामेंटचं होतं. गुडघ्याच्या मधोमध जी फुलीसारखी दोन असतात त्यातलं पुढचं. पाय जमिनीवर रोवलेला, अंग वळलं, आतून आवाज आला, लगेच सूज, पुढे एक पाऊल टाकवेना. आता सूज उतरली तरी जिन्यावर गुडघा निसटतो. मी सगळं विचारलं. अडकतो का तेही विचारलं, म्हणजे मधली गादी फाटली असेल तर कळावं म्हणून. नाही म्हणाल्या.

डॉक्टर: इथपर्यंत पूर्ण गुण आहेत तुला.

मुलगी: पण बोलताना आजींचं एक बोट सारखं आतल्या बाजूला जात होतं. या इथे, सांध्याच्या जरा वर. पुढचं लिगामेंट गेलेल्या माणसाला "कुठं दुखतं" विचारलं तर तो पंज्यानं सगळा गुडघा धरतो. त्याला बोट ठेवता येत नाही. आजी बोट ठेवत होत्या. आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

आजी: खरंच ठाऊक नव्हतं. माझंच बोट, आणि चहाडी करत होतं.

मुलगी: मग हात लावला. फारशी सूज नव्हती. पण ती जागा गरम लागली. दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम. आणि पाय पूर्ण सरळ होईना.

आजी: गरम! ऐकलंत? गरमपणाचं सोंग आणतं का कुणी?

डॉक्टर: तुम्ही आणाल. गरम पाण्याची पिशवी ठेवली असेल सुट्टीत.

आजी: अरे देवा. ही बाई माझ्या मयतीलाही येऊन म्हणेल, "आजी, उठा, पुढचा विद्यार्थी आलाय."

डॉक्टर: मी खरंच म्हणेन. मुली, तुला संशय आला तर विचारायचं.

मुलगी: विचारलं, मॅडम. "आजी, हे खरंच दुखतंय का?" असं.

डॉक्टर: मग?

मुलगी: म्हणाल्या, "खरंच म्हणजे काय गं? त्या बसवाल्याला विचार."

डॉक्टर: आजी?

आजी: म्हणाले तसं.

डॉक्टर: का? ती तुम्हाला सरळ विचारतेय, तुमचा पाय ठणकतोय, आणि तुम्ही बसवाल्याकडे पाठवता?

आजी: नियम कुणाचा? "घंटा होईपर्यंत पात्र सोडायचं नाही." तुमचा. मी आजवर एकदा तरी सोडलं का? त्या दम्याच्या वेळी खिडकीतून गांधीलमाशी आली, मानेवर बसली, तरी मी दम्यातच राहिले. माशीसुद्धा खोकून गेली.

डॉक्टर: आणि दुसरा नियम? काही खरं झालं तर हात वर करायचा?

आजी: तो... तो नियम माझ्यापुरता बिघडलाय.

डॉक्टर: कसा बिघडला?

आजी: मागे मी हात वर करून चहा मागितला होता. तुम्ही धावत आलात, नाडी धरलीत, आणि मी म्हटलं साखर कमी. त्यानंतर मी डोकं खाजवायला हात उचलला तरी दारावर मुलांना आत सोडणाऱ्या त्या दोघी हसतात.

डॉक्टर: मग निदान सुट्टी संपल्यावर मला सांगायचं. "पडले, बसवत नाही."

आजी: आणि तुम्ही कुणाला बसवलं असतं? खोकलेबुवांना! तो म्हातारा किती वर्षं टपून बसलाय माझ्या गुडघ्यावर. सर्दी-खोकल्याच्या पलीकडे ज्याची मजल नाही, तो बसमधून पडणार! त्याला पडता तरी येतं का? बसल्या बसल्या पडेल.

डॉक्टर: म्हणजे दुखऱ्या पायानं तुम्ही उरलेली परीक्षा काढलीत. खोकलेबुवांना गुडघा मिळू नये म्हणून.

आजी: हो.

डॉक्टर: सुट्टीनंतर हिच्या आधी अजून मुलं आली होती.

आजी: चौघं.

डॉक्टर: त्यांनी ओढला?

आजी: ओढला म्हणजे! पहिल्यानं असा खेचला जसा विहिरीतून पोहरा काढतोय. दुसरा ओढता ओढता घड्याळ बघत होता. तिसरी गोड होती, पण हाताला अंगठ्या. चौथ्यानं "थँक्यू आजी" म्हणून गुडघ्यावरच थाप मारली. मी विव्हळले, तर तुम्ही मान डोलवलीत. तुमच्या चेहऱ्यावर होतं की आज म्हातारी रंगात आलीय.

डॉक्टर: हो. वाटलं तसं. तुमच्या कागदावर मी लिहूनही ठेवलंय. सकाळी जरा फिकं होतं, सुट्टीनंतर अभिनय उत्तम.

आजी: झालं तर. चौघांनी ओढला, ते पास. एकीनं सोडला, ती नापास. आणि मी हिला खरं सांगितलं नाही म्हणून. बाई, माझ्या आजवरच्या थापांनी कुणाचं काही गेलं नाही हो. ऐकणारा हसला, मी हसले, घरी गेले. आज पहिल्यांदा एका पोरीचं घर बुडतंय. म्हणून आलेय. नाहीतर या पायानं मी कशाला तुमच्या दारात तमाशा करू? बघा तरी एकदा. हात लावून बघा.

डॉक्टर: टेबलावर पाय घ्या. सावकाश. मुली, तो दिवा इकडे कर. हं. सैल सोडा.

आजी: सोडला.

डॉक्टर: नाही सोडला. मांडी दगडासारखी केलीय. सोडा.

आजी: सोडला की!

डॉक्टर: आजी, पाय आखडलेला असला की स्नायूच सांधा धरून ठेवतात. मग लिगामेंट शाबूत आहे की फाटलंय, काही कळत नाही. आणि आखडणं खऱ्या दुखण्यानंही होतं, खोट्यानंही होतं. मी आत्ता शपथेवर काहीही सांगू शकत नाही. बघितलंत? म्हणून मी हात लावत नव्हते.

आजी: मग काय पाय काढून ठेवू तुमच्या हातात?

मुलगी: मॅडम, एक बोलू?

डॉक्टर: बोल.

मुलगी: आजींना गोष्ट सांगू द्या.

डॉक्टर: आत्ता? इतका वेळ काय चाललं होतं मग?

मुलगी: नाही, हे भांडण होतं. गोष्ट सांगताना त्या वेगळ्या असतात. परीक्षेत बसची गोष्ट रंगली ना, कंडक्टरच्या खांद्यावरचा पोपट तिकिटं मागायला लागला...

डॉक्टर: पोपट? आजी, मी दिलेल्या कागदात पोपट नव्हता.

आजी: रिकामी जागा होती, बसवला.

मुलगी: तेव्हा त्यांचा पाय इतका सैल सुटला होता की माझ्या हातात झोपल्यासारखा. मी आतल्या बाजूला बोट टेकलं, आणि गोष्ट तुटली. पोपट अर्ध्यावर राहिला. ओरडल्या नाहीत, मॅडम. ओरडल्या असत्या तर मी नाटक समजले असते. नुसत्या थांबल्या. मग पुढे "हं, तर बस" म्हणून परत सुरू. मी बोट काढलं, थोड्या वेळानं परत तिथंच टेकलं. परत तुटली. म्हणून मी ओढलं नाही. मला वाटलं, ही बाई सगळ्याचं सोंग आणील, पण गोष्ट तुटू देणार नाही.

आजी: कशी गं तू? माझ्या सुनेला इतक्या वर्षांत कळलं नाही ते.

डॉक्टर: आजी, घड्याळाच्या मनोऱ्याची गोष्ट सांगा.

आजी: ती? ती तुम्ही कितीदा तरी ऐकलीय.

डॉक्टर: म्हणूनच. मला पाठ आहे. हिनं ऐकलेली नाही. तिला सांगा. माझ्याकडे बघू नका.

आजी: ऐक हं, पोरी. आणि हसायचं असेल तर शेवटी हस, मधे हसलीस तर मी सुरुवातीपासून सांगते. मी तेव्हा तुझ्याएवढी. अंगानं अशी, की उन्हात उभी राहिले तर सावली म्हणायची, "ही कुठं आहे?" गच्चीवर चादरी वाळत घालत होते. मोठ्या पलंगाची चादर, चारी कोपरे धरायला माणूस नाही, म्हणून दोन हातांत, दोन दातांत...

मुलगी: दोन दातांत?

आजी: एक या दाढेत, एक त्या दाढेत. मधे बोलू नकोस. तर असा वारा सुटला! चादर फुगली, पाय सुटले, आणि मी निघाले. खाली सासूबाई ओरडतायत, "अगं, ती चांगली चादर आहे!" माझं नाव नाही, चादरीचं नाव. मी वर. बाजार ओलांडला. एक पोस्टमन सायकलवरून चालला होता, त्यानं मान वर केली, म्हणाला, "बरी भेटलात, सही करा," आणि पत्र वर फेकलं. मी झेललं!

मुलगी: हात तर चादरीत होते ना?

आजी: पायानं झेललं. तेव्हा गुडघे काय होते माझे! तर पुढे घड्याळाचा मनोरा. म्हटलं, आता आदळते. एक हात सोडला आणि मोठा काटा धरला. झाले की लोंबकळती! माझं वजन ते काय, पण काटा खाली यायला लागला. सगळं गाव बघतंय, घड्याळ उलटं चाललंय. शाळेत जेवणाची सुट्टी दोनदा झाली. कचेरीतले लोक आले तेवढेच परत घरी गेले. आणि खाली चौकात न्हावी गिऱ्हाइकाची मिशी कोरत होता. त्यानं वर बघितलं, आणि तो न्हावी...

(आजी एकदम गप्प होतात. डॉक्टरांचा हात गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे. भिंतीपलीकडची बेरीजही ऐकू येते.)

डॉक्टर: तो न्हावी काय, आजी?

आजी: न्हावी... हं. न्हावी होता एक.

डॉक्टर: त्याच्या हातून अर्धी मिशी उडाली. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "घड्याळ उलटं चाललंय ना, मग परत येईल."

आजी: हो. ते.

डॉक्टर: माझी सगळ्यात आवडती जागा आहे ही. तुम्ही कधी चुकवली नाहीत.

आजी: बाई, काढा आता बोट.

डॉक्टर: काढलं. थोडंच राहिलंय. मुली, हा दुसरा पाय. याला असं किंचित वाकवून बाहेरून आत दाबलं, काही हलत नाही. बघ, लाव हात. आता हा. सैल आहे तोवर. हलकेच.

मुलगी: जरा उघडतोय. पण पुढे जाऊन थांबतोय.

डॉक्टर: थांबतोय म्हणजे पूर्ण तुटलेलं नाही. आतल्या बाजूचं लिगामेंट, अर्धवट फाटलंय. आवाज नाही, मोठी सूज नाही, बोट ठेवता येतं, आणि बाजूला ताणलं की कळ. पुस्तकात असतं तसं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि मला दिसलं नाही.

मुलगी: तुम्ही दमला होतात, मॅडम.

डॉक्टर: दमलेल्या माणसाला दिसत नाही असं पेशंटला सांगता येत नाही, मुली. लक्षात ठेव. दमणं तर तुलाही येणार आहे.

आजी: येणार आहे? म्हणजे होणार ना ती डॉक्टर?

डॉक्टर: कागद द्या इकडे. "चाचणी केली नाही." हे खरंच आहे, केली नाही. त्याखाली लिहिते: पेशंटला प्रत्यक्ष इजा असल्याचं ओळखून थांबवली, थांबवणं योग्य. मी तपासून खात्री केली. सही. हे मी स्वतः वर घेऊन जाईन आणि त्या मोठ्या सरांची बोलणी खाईन. या खोलीत तू पास आहेस. बाकीच्या खोल्यांचं मला माहीत नाही.

मुलगी: बाकीच्या... बऱ्या गेल्यात.

आजी: बऱ्या म्हणजे उत्तम. हिच्या भाषेला फुगवून वाचायचं असतं, माझ्या भाषेतली हवा काढायची असते. मधे कुठं तरी खरं सापडतं.

मुलगी: मॅडम, आजींना जिना उतरता येणार नाही. चाकाची खुर्ची घेऊन येऊ?

डॉक्टर: आण. आणि येताना बर्फ मिळतोय का बघ, खालच्या कँटीनमध्ये. टॉवेलात गुंडाळून.

मुलगी: हो. आजी, पाय खाली सोडू नका.

आजी: जा गं, मी कुठं उडून जातेय. चादर नाही माझ्याकडे.

डॉक्टर: गेली. आजी, आता मुकाट्यानं ऐका. गुडघ्याला पट्टा लागेल. पाय उशीवर. कुबडी वापरायची, मिरवायची नाही. जिना बंद. एमआरआय काढून घेऊ, आत आणखी काही बिघडलंय का ते कळेल. आणि पुढची परीक्षा खोकलेबुवा देतील.

आजी: त्यापेक्षा पाय कापा.

डॉक्टर: आता एक शेवटचा कागद, मग मीही सुटले. कामावर असताना इजा झाली तर वर कळवावं लागतं. दुपारची सुट्टी, जिना. कोणत्या पायरीवर?

आजी: वळणावरच्या.

डॉक्टर: फरशी ओली होती. साबण होता. पाटी लावली होती का, "सावकाश चला" म्हणून?

आजी: पाटी कशाला हवी?

डॉक्टर: लिहावं लागतं. पाटी नव्हती तर चूक पुसणाऱ्या बाईंची. दुपारी कोण असतं, त्या हिरव्या रुमालवाल्या ना? बोलावून घेतील त्यांना. याआधीही एकदा ताकीद मिळालीय म्हणे.

आजी: ती? ती तर माझ्याशी किती गोड असते हो. मी लंगडत गेले की खरंच समजून हात देते.

डॉक्टर: काय करणार. ओली फरशी ती ओली फरशी.

आजी: नुसतं "पडली" असं लिहा की.

डॉक्टर: नुसतं चालत नाही. कारण लागतं.

आजी: वारा लिहा.

डॉक्टर: आजी.

आजी: ...बाई, गुडघ्याचं सगळं खरं होतं. पडले ते खरं. आत वळला ते खरं. चर्रर्र झालं तेही. माझी जीभ झडायची काही गरज नाही.

डॉक्टर: पण?

आजी: पण फरशी तेवढी पदरची.

डॉक्टर: कोरडी होती?

आजी: ठणठणीत. बदकं तहानेनं मेली असती.

डॉक्टर: मग कोरड्या जिन्यावर पडलात कशा?

आजी: तालीम करत होते.

डॉक्टर: कसली?

आजी: लंगडण्याची. वर-खाली, वर-खाली. कठड्याला हात न लावता. सगळे जेवायला गेले होते, म्हटलं कुणी बघत नाही तोवर घोटून घ्यावं.

डॉक्टर: इतक्या वर्षांनी तुम्हाला तालीम कशाला लागते?

आजी: सकाळी तुम्ही म्हणालात ना, पहिला मुलगा बाहेर गेला तेव्हा. कागदातून मान वर न करता. "आजी, आज लंगडणं पटत नाही."

डॉक्टर: ...मी म्हणाले तसं?

आजी: म्हणालात. ती बघा, खुर्चीची चाकं वाजतायत, पोर आली. चला, धरा जरा हात. असं. हळू. ...आता पटतंय ना, बाई?